टर्बो स्नोमोबिलवर पैसे कुठे घालावेत: आधी क्लच आणि उष्णता, बूस्ट सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅल्गरीत राहणाऱ्या एका मराठी वाचकाने दोन हंगाम वापरलेली माउंटन स्नोमोबिल (डोंगरातल्या बर्फावर चालणारी गाडी) घेतली आहे. इंजिन ८५० सीसी, टू-स्ट्रोक, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) कंपनीतूनच बसवलेला, ट्रॅक (बर्फावर फिरणारा रबरी पट्टा) १६५ इंची. फिरणं मुख्यतः ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोक आणि गोल्डनच्या डोंगरांत. हाताशी तीन-साडेतीन हजार डॉलर आहेत. मित्रांचा सल्ला असा की ईसीयू (इंजिनाचा संगणक) ट्यून करून बूस्ट (टर्बो देतो तो जादा दाब) वाढव, हलका मफलर लाव आणि उरलेल्या पैशांत इनटेक बदल. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर आधी काय करावं?

माझं उत्तर स्पष्ट आहे. हा क्रम नेमका उलटा आहे. तुमच्या गाडीत ताकद कमी नाही. ती ताकद बर्फापर्यंत पोचते का आणि वाटेत तिची उष्णता किती होते, हे आधी बघायचं. टर्बो गाड्या दुरुस्तीला येतात तेव्हा त्यांचं दुखणं बहुतेक वेळा बेल्ट, क्लच, गरम हवा किंवा कमी ऑक्टेनचं (अवेळी पेटण्याला कमी विरोध करणारं) पेट्रोल यांपैकी एकात सापडतं. बूस्ट वाढवला की ही चारही दुखणी एकदम वाढतात.

टर्बो डोंगरात नेमकं काय करतो हे आधी समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय (दाबाचं एकक) असतो. २,००० मीटरवर तो साडेअकराच्या आसपास येतो आणि ३,००० मीटरवर दहापर्यंत उतरतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे खाली १६५ हॉर्सपॉवर देणारं इंजिन ८,००० फुटांवर सव्वाशेच्या घरात येतं. स्नोमोबिल बनवणाऱ्या स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातून टर्बो बसवलेलं टू-स्ट्रोक ८५० इंजिन आणलं, तेव्हा त्याची खासियत हीच होती की १६५ हॉर्सपॉवर ८,००० फुटांपर्यंत टिकतात. उंचीवर हरवलेला दाब भरून काढणं हे कारखान्याच्या टर्बोचं पहिलं काम असतं.

आता तुमचा भाग बघा. रेव्हलस्टोक गाव पाचशे मीटरच्याही खाली आहे आणि तुम्ही वर जाता ते साधारण दोन हजार मीटरच्या टप्प्यात. तिथे हवेच्या दाबात तूट येते सव्वातीन पीएसआयच्या आसपास. ती कारखान्याचा टर्बो आरामात भरून काढतो. कोलोरॅडोत व्हेल पासला गाडी ट्रेलरवरून उतरवतानाच माणूस ३,२०० मीटरच्या वर असतो. तिथल्या लोकांनी जादा बूस्टवर केलेला खर्च त्यांच्या उंचीवर समजण्यासारखा आहे. तो हिशेब जसाच्या तसा ब्रिटिश कोलंबियात आणला तर खर्च तेवढाच होतो आणि फायदा बराच कमी मिळतो.

म्हणून खर्चाच्या आधी गाडी तपासा. ती वापरलेली आहे, दोन हंगामांत आधीच्या मालकाने काय काय केलं ते माहीत नाही. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडर किती दाब देतो आणि तो किती गळतो) दोन्ही तपासून घ्या. पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टच्या तोंडावरची झडप) काढून काजळी साफ करा, रीड्सच्या (हवा आत घेणाऱ्या पातळ झडपांच्या) कडा उडालेल्या नाहीत ना ते बघा. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहा. तो किंचित हलणं ठीक, पण पाती बाहेरच्या आवरणाला घासल्याच्या खुणा दिसल्या तर पुढचं सगळं बाजूला ठेवा. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या हवेच्या नळ्यांचे क्लॅम्प एकेक करून आवळा. एक सैल क्लॅम्प बूस्ट गळू देतो, आणि गाडी ‘ओढत नाही’ म्हणून लोक ट्यूनवर पैसे खर्च करतात. चेनकेसचं (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीच्या खोक्याचं) तेल, कूलंट, ब्रेक फ्लुइड आणि मागच्या सस्पेन्शनच्या चाकांचे बेअरिंग याच वेळी उरकून घ्या. ही तपासणी फुकट नाही, पण कोणत्याही किटपेक्षा स्वस्त आहे.

आता क्लच, कारण टर्बो गाडीचा जीव इथे आहे. ज्यांनी ॲक्टिव्हाचा व्हेरिएटर उघडून पाहिला आहे त्यांना रचना लगेच कळेल. इथेही दोन पुली आणि मध्ये एक बेल्ट, फरक एवढाच की रोलरच्या जागी फिरणारी वजनं आहेत आणि बेल्टवरून दीडशेपेक्षा जास्त हॉर्सपॉवर जातात. इंजिनाकडच्या पुढच्या क्लचमध्ये वजनं आणि स्प्रिंग असते, ट्रॅककडच्या मागच्या क्लचमध्ये हेलिक्स (पुली कशी सरकेल ते ठरवणारा तिरक्या कडांचा भाग) आणि स्प्रिंग. या चार गोष्टींनी मिळून एकच काम करायचं असतं: पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाला त्याच्या सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमवर धरून ठेवणं. या टू-स्ट्रोक इंजिनांमध्ये तो आकडा आठ हजारांच्या आसपास असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तो पाठ करा.

ताज्या बर्फात, चढावर, पाच-सात सेकंद पूर्ण थ्रॉटल ठेवून आरपीएम बघा. आरपीएम ठरलेल्या आकड्याच्या वर पळत असेल तर वजनं हलकी आहेत. खाली अडकत असेल तर जड आहेत, किंवा हेलिक्सचा कोन जास्त आहे. अंदाजाने सांगायचं तर वजनात एक-दोन ग्रॅमचा बदल केला की शंभर-दोनशे आरपीएमचा फरक पडतो. टर्बो गाडीत दोन्ही चुका महागात पडतात. आरपीएम खाली राहिला तर टर्बो भरतो, पण इंजिन ओझ्याखाली दबून चालतं आणि नॉकिंगची (पेट्रोल अवेळी स्वतःहून पेटण्याची) शक्यता वाढते. वर पळाला तर ताकद वाया जाते आणि बेल्ट घसरून तापतो.

साध्या इंजिनात उंची बदलली की वजनं बदलावी लागतात. टर्बो उंचीची तूट भरतो, म्हणून तुम्हाला ते फारसं करावं लागणार नाही, आणि हे मोठं सुख आहे. पण कारखान्याची सेटिंग सगळ्यांना चालावी म्हणून ठरवलेली असते. ८५ किलोचा चालक, पाठीवर बॅग, बोगद्यावर (ट्रॅकवरच्या लांब धातूच्या आवरणावर) पेट्रोलचा जादा कॅन आणि गुडघ्याच्या वर पोचणारा बर्फ असेल तर तीच सेटिंग अपुरी पडते. तेव्हा तुमच्या मॉडेलसाठी आणि तुमच्या उंचीच्या पट्ट्यासाठी जुळवलेला क्लच किट घ्या. वजनं, दोन स्प्रिंग आणि हेलिक्स हे एकाच हाताने जुळवलेले हवेत. एकाची वजनं आणि दुसऱ्याचं हेलिक्स घेऊन जुळवाजुळव करू नका. हेलिक्सचा कोन थोडा कमी असला तर गाडी चढावर खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहते, थ्रॉटल सोडून पुन्हा दिला तर लगेच उचलते. झाडांमधून फिरणाऱ्याला हे जादा हॉर्सपॉवरपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. मागची स्प्रिंग फार कडक केली तर मात्र बेल्ट विनाकारण दाबला जातो आणि गरम होतो.

यासोबत बेल्टचं तापमान दाखवणारा सेन्सर घ्या. माझ्या मते गाडीसाठीच्या सुट्या भागांतली ही पहिली खरेदी असावी. साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत बेल्ट निवांत असतो. ९५ च्या पुढे गेला की थांबा, बर्फावर गाडी उभी करा, पॅनल उघडा. शंभरच्या वर नियमित जाणारा बेल्ट तुटणारच, आणि तो तुटतो तेव्हा बहुधा तुम्ही दरीच्या तोंडाशी असता. बेल्ट तापतो कशामुळे हे हाच सेन्सर सांगेल. कडक ट्रेलवर सरळ जातानाही तापत असेल तर दोन क्लचची सरळ रेषा किंवा बेल्टचा ताण चुकला आहे. फक्त खोल बर्फात तापत असेल तर गिअरिंग किंवा क्लचिंगकडे बघा. चेनकेसमध्ये थोडं छोटं वरचं दातचक्र लावलं तर कमी वेगात बेल्ट पुलीवर योग्य जागी येतो, घसरण कमी होते. कमाल वेग घटतो, पण डोंगरात तो कोणाला लागतो? साखळीऐवजी बेल्टड्राइव्ह असलेल्या गाडीत हे काम वेगळं आणि महाग असतं, तिथे आधी क्लचवर भर द्या.

नवा बेल्ट लावताना साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा, पुल्यांच्या तोंडांवरचा काळा थर साफ करा आणि पहिले पन्नास किलोमीटर थ्रॉटलवर संयम ठेवा. एक जादा बेल्ट जवळ असायलाच हवा, टर्बोवाल्याने दोन ठेवावेत. चांगल्या बेल्टची किंमत दोनशे डॉलरच्या वर जाते, म्हणून ही शिस्त पैशांतही परत मिळते.

उष्णतेचा दुसरा भाग इंजिनाच्या खोक्यात आहे. टर्बोचं गरम आवरण, एक्झॉस्ट आणि क्लच हे सगळं एका बंद प्लास्टिकच्या कवचात कोंबलेलं असतं. तिथली गरम हवा बाहेर काढणारे व्हेंट बाजूच्या पॅनलवर बसवा. व्हेंटवर बारीक जाळी हवीच, नाहीतर भुकटीसारखा बर्फ आत जातो, बेल्टवर वितळतो आणि मग बेल्ट घसरतो. खर्च कमी, काम अर्ध्या दिवसाचं. गाडी थांबवताना लगेच बंद करू नका, एखादं मिनिट आयडलवर ठेवा म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळत नाही.

तिसरी उष्णता आत जाणाऱ्या हवेची, आणि बूस्ट वाढवण्याचा मुद्दा इथे येऊन भिडतो. हवा दाबली की ती तापते. शून्य अंशाची हवा दीडपट दाबली तर सामान्य कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती जवळपास ५० अंशांवर बाहेर येते. दुप्पट दाबली तर नव्वदच्या घरात. उंचावर बाहेरचा दाब मुळातच कमी असल्याने तेवढाच अंतिम दाब गाठायला टर्बोला जास्त पट दाबावं लागतं, म्हणून तो आणखी तापतो. गरम हवा आणि जास्त दाब एकत्र आले की पेट्रोल ठिणगीच्या मर्जीने न पेटता स्वतःहून पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. टू-स्ट्रोक इंजिनात त्यातून पिस्टनच्या कडा खरवडल्या जातात आणि मग पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. कमी बूस्टवर थंड हवेत इंटरकूलरशिवाय (दाबलेली हवा थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) भागतं. बूस्ट वाढवला तर इंटरकूलर, जास्त पेट्रोल पुरवणारे इंजेक्टर, तसा पंप आणि वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल असा सगळा संच लागतो. फक्त ट्यून विकत घेणं म्हणजे या संचाचा एक तुकडा घेणं, आणि बाकीच्या तुकड्यांचं काम पिस्टनवर सोडणं.

पेट्रोलबाबत: तुमच्या गाडीच्या झाकणावर ९१ लिहिलं असेल तर ९१ ही खालची मर्यादा समजा. हे उत्तर अमेरिकेतलं मोजमाप आहे, भारतातल्या पंपावर लिहिलेल्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नका, कारण तिथला आकडा वेगळ्या पद्धतीने मोजतात. गर्दीच्या पंपावर भरा. आडवाटेच्या पंपावर प्रीमियमची टाकी महिनोन्‌महिने पडून असते. वरच्या ऑक्टेनने स्वतःहून ताकद येत नाही, फक्त नॉकिंगपासून अंतर वाढतं. कारखान्याच्या ट्यूनवर शंभरच्या वरचं रेस फ्यूएल ओतणं म्हणजे पैसे जाळणं.

कूलिंगचं काम बर्फ करतो. ट्रॅकने उडवलेला बर्फ बोगद्याखालच्या हीट एक्स्चेंजरवर बसतो आणि कूलंट थंड होतं. खोल बर्फात काळजी नाही. पण पार्किंगपासून वर जाणारा रस्ता लांब, यंत्राने दाबून कडक केलेला असतो, तिथे बर्फ उडत नाही आणि कूलंट तापतं. आइस स्क्रॅचर (कडक बर्फ खरवडून उडवणाऱ्या सळ्या) खाली सोडा. गाडीवर नसतील तर लावून घ्या. मागे घेताना न मोडणारे, वळणारे स्क्रॅचर मिळतात, तेच घ्या.

ट्रॅक आणि सस्पेन्शनवर तुम्ही विचारलं नाहीत, पण पैसे इथेही लागतील. १६५ इंच लांबी तुमच्या भागाला उत्तम आहे. लग (ट्रॅकवरचे रबरी दात) अडीच इंची असेल तर तो झिजेपर्यंत वापरा. बदलायची वेळ येईल तेव्हा तीन इंचीचा विचार करा, टर्बो तो फिरवू शकतो. ताकद जास्त आणि सस्पेन्शन चुकीचं असेल तर ट्रॅक पुढे ओढण्याऐवजी खाली खणतो, आणि नाक आकाशाकडे जातं. मागच्या सस्पेन्शनची लिमिटर पट्टी एक भोक आवळून बघा, चढावर स्कीवर वजन येतं आणि गाडी सरळ राहते. हे फुकट आहे. त्यानंतर मागच्या शॉकचा दाब किंवा स्प्रिंग तुमच्या वजनाला जुळवा. मोठी शॉक किट घ्यायची घाई नको. एका हंगामानंतर गाडी कुठे बसते आणि कुठे उडते ते कळेल, तेव्हा ठरवा. ब्रेकचे पॅड आणि फ्लुइड मात्र आत्ताच. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळपास नसतं, लांब उतारावर सगळं ओझं एका डिस्कवर येतं.

मफलर आणि इनटेकबद्दल दोन शब्द पुरेत. हलक्या मफलरने नाकावरचे काही किलो कमी होतात हे खरं, पण टर्बो गाडीत त्याने एक्झॉस्टचा अडथळा बदलतो, बूस्ट किंचित सरकतो आणि क्लचिंग पुन्हा बघावं लागतं. आवाज वाढतो तो वेगळाच. स्नोमोबिलसाठी खुले डोंगर आवाजामुळेही बंद होऊ शकतात, ते खुले राहावेत म्हणून स्थानिक क्लब वर्षानुवर्षं भांडतात. इनटेकला बर्फ अडवणारी जाळी लावा, बाकी त्याला हात लावू नका.

आता ज्यावर सगळ्यात आधी पैसे जायला हवेत ते. टर्बो तुम्हाला अशा चढांवर नेतो जिथे साधी गाडी अर्ध्यात थांबली असती. हिमस्खलन मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, म्हणजे तुम्हाला आवडू लागतील त्याच उतारांवर. १३ मार्च २०१० रोजी रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर स्नोमोबिलवाल्यांचा मोठा मेळा जमलेला असताना हिमकडा सुटला. दोघांचा मृत्यू झाला आणि तीसच्या आसपास लोक जखमी झाले. त्या उताराचं नाव टर्बो हिल. तुम्ही त्याच डोंगरावर जाणार आहात.

म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि फावडं अंगावर, गाडीवरच्या बॅगेत नाही. गाडी वाहून जाते तेव्हा बॅगही जाते. हिमस्खलनात फुगणाऱ्या एअरबॅगची पाठपिशवी घ्या. फोन, गरम होणारे हातमोजे आणि रेडिओ ट्रान्सीव्हरच्या सिग्नलमध्ये गडबड करतात, ते त्याच्यापासून किमान २० सेंटीमीटर दूर ठेवा, शोध घेताना ५० सेंटीमीटर. शोधताना गाड्यांची इंजिनं बंद. उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी, त्याच्या मार्गाबाहेर. गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता मुख्यतः पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते, तिथे बचाव पथक पोचत नाही, तुमचे सोबतीच असतात. ॲव्हलांच कॅनडा या हिमस्खलन सुरक्षा संस्थेच्या अभ्यासक्रमाचा पहिला टप्पा स्नोमोबिलवाल्यांसाठी स्वतंत्रपणे शिकवला जातो. तुम्ही आणि नेहमीचे सोबती मिळून तो करा, आणि निघण्यापूर्वी हिमस्खलनाचा रोजचा अंदाज वाचा.

तुमचे साडेतीन हजार मी असे लावेन: हिमस्खलनाचं साहित्य नसेल तर आधी ते आणि अभ्यासक्रम, मग तपासणी, बेल्ट सेन्सर, व्हेंट, दोन बेल्ट, स्क्रॅचर, त्यानंतर क्लच किट. यात पैसे संपतील. पुढच्या हंगामात बेल्टचं तापमान ८० च्या आत, आरपीएम ठरलेल्या आकड्यावर आणि तरीही ताकद कमी वाटली, तर ट्यूनचा प्रश्न पुन्हा विचारा. तेव्हा ताज्या बर्फातल्या चढावरचा आरपीएम, बेल्टचं तापमान, उंची, बाहेरचं तापमान आणि तुमचं सामानासकट वजन एवढं लिहून पाठवा. त्या पाच आकड्यांवरून हेलिक्स बदलायचं की वजनं, हे मी नेमकं सांगू शकेन.